मावशीला विचारा : वंश आईकडून चालतो, मग भीती कशाची?

प्रश्न : मावशी, मी २८ वर्षांची, ठाण्याची, फिजिओथेरपिस्ट आहे. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी (ज्यू). घरचे मला इस्रायलमधल्या अश्दोद आणि लोदच्या मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोलायला बसवतात. इथले आपले मुलगे बोटांवर मोजण्याइतके. अर्धे नात्यातले, उरलेल्यांबरोबर मी सिनेगॉगच्या, आमच्या प्रार्थनामंदिराच्या, अंगणात खेळले आहे. जेस्वाइप या ज्यूंच्या डेटिंग अ‍ॅपवर बघावं तर मुंबई बघायला आलेले परदेशी पाहुणेच दिसतात. माझं मन आमच्या हॉस्पिटलमधल्या डोंबिवलीच्या एका मुलावर आहे. तो हिंदू आहे. आई म्हणते, "आपण उरलोय किती? तूही गेलीस तर वंश बुडाला." काय करू?

उत्तर : बाळ, तुझ्या आईचं हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून ऐकलंय, जावेच्याही. तिची भीती पोकळ नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास आपण वीस हजारांच्या घरात होतो. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतातले सगळे यहुदी मिळून ४,६५० भरले. पेणकर, दिवेकर, किहीमकर, झिराडकर, घरंच्या घरं इस्रायलला गेली. तिथेही आपल्या माणसांना सुखाने लग्नं करू दिली नाहीत. १९६० नंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत तिथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, ठरवलं, की बेने इस्रायलला बाहेरच्या यहुद्याशी लग्न करायचं असेल तर आधी त्या बेने इस्रायल माणसाच्या आईचं, आजीचं कूळ तपासायचं. आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. शेवटी १९६४ मध्ये सरकारने संसदेत जाहीर केलं की बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदीच आहेत. तुझ्या आजीच्या पिढीने हे सोसलं आणि आई ते ऐकत मोठी झाली. म्हणून तिच्यावर चिडू नकोस.

पण वंश बुडेल हे तिचं म्हणणं आपल्या शास्त्राला धरून नाही, आणि हे तिला शांतपणे सांगायला हवं. हलाखाप्रमाणे, म्हणजे आपल्या धर्मनियमांप्रमाणे, यहुदीपण आईकडून येतं. बाप कोणीही असो, तुझी मुलं यहुदीच. तिला खरी काळजी वाटायला हवी ती तुझं घर कसं चालेल याची. त्याबद्दल तू पत्रात एक ओळही लिहिलेली नाहीस, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

त्या मुलाशी बस आणि एकेक गोष्ट बोल. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागतील तेव्हा तो घरी असेल का? मुलगा झाला तर आठव्या दिवशी मिला (सुंता) करायला त्याची खरोखर तयारी आहे, की तुझ्यासाठी मान डोलावतोय? मांस आणि दूधदुभतं आपण एकत्र करत नाही, म्हणून मटणात नारळाचं दूध चालेल, दही नाही, हे सासूबाईंना कोण सांगणार? पेसाखच्या सणाचे आठ दिवस घरात पाव येणार नाही, हे चालेल? नवस फेडायला मलिदा मांडला, ताटात पोहे, गूळ, खोबरं आणि फळं ठेवून एलियाहू हन्नाबी या आपल्या प्रेषिताचं नाव घेतलं, तर त्याचे आईवडील येऊन बसतील का?

आणि बाळ, आता तुझी बाजू. गणपतीत सून म्हणून तू काय करशील? मोदक वळशील, पाहुण्यांना वाढशील. पण आरतीचं ताट तुझ्या हातात दिलं तर? मूर्तीपुढे हात जोडणं आपल्यात नाही. तुला ते जमणार नसेल तर आजच सांग. भरल्या घरात, आरतीच्या वेळी त्याच्या आईला कळणं फार वाईट. माझ्या भाचीने नाशिकच्या मुलाशी लग्न केलं. तिने ही बोलणी साखरपुड्याआधी दोन्ही घरांत उघडपणे केली, रडारडही झाली. पुढे तिच्या मुलाच्या मिलाला सासरे डोक्यावर टोपी घालून पहिल्या बाकावर बसले होते.

लग्न मात्र सिनेगॉगमध्ये लागणार नाही. प्रार्थना चालवणाऱ्या हझ्झानला गळ घालून त्याला अडचणीत टाकू नका. १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे : तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. मेंदी घरी जोरात करा. पांढऱ्या साडीतली नवरी आत येते आणि नवरा तिच्यासाठी गातो, केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, मोठ्याने वाचला जातो, ते तुझ्या वाट्याला येणार नाही. त्याचं तुला वाईट वाटेल आणि आईला त्याहून जास्त. त्या दुःखाला तिच्यासमोर नाही म्हणू नकोस.

व्हिडिओ कॉल आजपासून बंद कर. अश्दोदच्या मुलालाही मन आहे, मन दुसरीकडे असताना त्याला आशेवर ठेवणं बरोबर नाही. डोंबिवलीचं जमलंच नाही आणि पुढे कधी तिकडचं स्थळ बघितलंस, तर हिब्रू शिकायची तयारी ठेव, तिथे फिजिओथेरपीचा परवाना कसा मिळतो ते आधी विचार, आणि मुलाला राखीव सैनिक म्हणून किती वेळा बोलावणं येतं तेही.

प्रश्न : मी पुण्याचा, ३१ वर्षांचा. माझी मैत्रीण लग्नासाठी ज्यू व्हायला तयार आहे. हे लवकर कसं उरकता येईल?

उत्तर : उरकू नकोस. तुझी गोष्ट वरच्या मुलीपेक्षा अवघड आहे. मैत्रिणीने धर्म घेतला नाही तर तुमची मुलं हलाखाने यहुदी ठरणार नाहीत. १९७० च्या दुरुस्तीमुळे इस्रायलच्या परतीच्या कायद्यात, म्हणजे यहुद्यांना तिथे स्थायिक होऊ देणाऱ्या कायद्यात, यहुद्याची बायको, मुलं, नातवंडं बसतात. पण तिथे नागरी लग्न होत नाही, म्हणून ती मुलं रब्बींकडे लग्नाला गेली की अडतात. आणि धर्म घेणं म्हणजे मोठा अभ्यास, मग तिघांच्या बेथ दिनपुढे, म्हणजे धर्मन्यायालयापुढे, उभं राहणं आणि मिकवेत, म्हणजे शुद्धीच्या कुंडात, बुडी. केवळ लग्नासाठी आलेल्या मुलीला रब्बी सहजासहजी हो म्हणत नाहीत, आणि म्हणूही नये.

तिला वर्षभर आपल्या सणांना घरी बोलाव. रास्ता पेठेत सिनेगॉगमध्ये बसू दे, किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास एकदा करून बघू दे, तुझ्या आईबरोबर चिकाचा हलवा ढवळू दे. त्यानंतरही तिला हवं असेल तर रब्बींशी तिने स्वतः बोलावं. तू दाराबाहेर थांब.