व्हिएन्नात दोनच दिवस आहोत, सोबत सासूबाई आहेत. कॅफे सेंट्रलच्या रांगेत उभं राहावं का?

माझं ऐकाल तर नको. सेंट्रल 1876 चं, आतले खांब आणि कमानी बघून मान दुखेल इतकं देखणं आहे, पण सासूबाईंना थंडीत रस्त्यावर उभं करण्याइतकं नाही, दारातून डोकावून फोटो काढा आणि सरळ कॅफे स्पेर्लला जा. 1880 चं आहे, नाशमार्केट या बाजारापासून चालत जाता येतं, जुनी बिलियर्ड टेबलं अजून आहेत, पेपर लाकडी दांड्याला अडकवून ठेवलेले असतात.

तिथे 'मेलांज' मागवा, म्हणजे आपली दुधाची फेसवाली कॉफी. छोट्या चकचकीत ट्रेमधून येते, शेजारी पाण्याचा ग्लास आणि ग्लासवर चमचा पालथा ठेवलेला. मग बसा. दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही, उगाच नाही या कॉफी हाऊस संस्कृतीला 2011 मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलं. आम्ही पहिल्यांदा एका कॅफेत गेलो तेव्हा हे माहीत नव्हतं, कप कधीच रिकामे, बिल काही येईना, नवरा जाम वैतागला, मला वाटलं आपल्याला बघून मुद्दाम करतायत. नंतर ऑफिसातल्या बाईने सांगितलं की न मागता बिल आणणं म्हणजे 'आता उठा' म्हणण्यासारखं, म्हणून वेटर आणत नाही. 'त्सालेन बिटे', म्हणजे 'बिल द्या', म्हणायचं, की येतो. वेटरला 'हेर ओबर' म्हणतात, चेहऱ्यावर हसू शोधू नका, ते तसेच असतात.

आता केक. इथल्या प्रसिद्ध चॉकलेट केकचं नाव झाखरटोर्ट असं लिहिलेलं वाचलं असेल, पण व्हिएन्नाची माणसं चक्क 'साखर' म्हणतात!! आणि गंमत म्हणजे तो केक तसा कोरडाच, म्हणून सोबत बिनसाखरेचं फेटलेलं क्रीम देतात, ते बाजूला सारू नका. मूळ केक कुणाचा यावरून हॉटेल साखर आणि डेमेल हे दुकान कितीतरी वर्षं कोर्टात भांडले, 1963 ला मिटलं. साखरवाल्यांच्यात जर्दाळूचा जॅम मधोमध पण असतो, डेमेलवाल्यांच्यात फक्त चॉकलेटच्या थराखाली. मला डेमेल आवडतं, पण केकपेक्षा काचेआड काम करणारे आचारी बघायला.

सासूबाई अंडं खात नसतील तर टोर्टं, म्हणजे असले केक, सगळी बाद. आप्फेलश्ट्रूडेलची, म्हणजे सफरचंद भरलेल्या गुंडाळीची, पारी पातळ ओढलेली असते, त्यात बरेचदा अंडं नसतं, पण 'ओने आयर?' (बिनअंड्याचं?) असं विचारूनच घ्या, आणि क्रीमच्या केकमध्ये जिलेटिन असू शकतं तेही विचारा.

आणि हो, कॅफे हावेल्काला रात्री आठनंतर जा, तेव्हा गरम बुख्टेल्न मिळतात, आत आलुबुखाराचा जॅम भरलेले गोड पाव. त्यात अंडं असतं, सासूबाईंना हॉटेलवर सोडून जा.