फॉर्मची मागची बाजू

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

शेपर्टनला नोकरी लागल्याचं तुझ्या आईने सांगितलं. तू विचारलं आहेस, "मावशी, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांमध्ये, म्हणजे ऍबोरिजिनल लोकांमध्ये, जुगाराच्या कर्जाचं काम आहे, काय वाचून जाऊ?" वाचायचं तुला ऑफिसात ढीगभर देतील. मी माझ्या चुका देते. मेलबर्नमध्ये एकवीस वर्षं लोकांची कर्जं निस्तरण्यात गेली, तेव्हा साठा बरा आहे.

पहिल्याच वर्षी एक बाई आल्या. साठीच्या असतील. सगळे त्यांना आंटी म्हणत. तूही म्हण, पण तो तिथे मानाचा शब्द आहे, आपण सोसायटीतल्या कुणालाही आंटी करून टाकतो तसा नाही. हातात सुपरमार्केटची पिशवी आणि तिच्यात न फोडलेली पाकिटं. विजेचं बिल, गाडीचं कर्ज, कोर्टाची नोटीस. मी पिशवी टेबलावर उपडी केली, तारखेप्रमाणे गठ्ठे लावले आणि फॉर्म पुढे ओढून विचारलं, "पंधरवड्याला पोकीवर किती जातात?" पोकी म्हणजे क्लबातलं जुगाराचं मशीन. त्या काही बोलल्या नाहीत. एकेक पाकीट उचलून पिशवीत परत ठेवलं, अजिबात घाई न करता, आणि निघून गेल्या.

तिकडे याला 'शेम' म्हणतात. शब्द इंग्रजीच, पण अर्थ आपल्या लाजेहून पसरट. चारचौघांतून एकट्याला बाजूला काढून उजेडात उभं केलं की शेम. कौतुकासाठी केलं तरी शेमच. मी तर हिशोबासाठी केलं होतं.

सात महिन्यांनी त्यांच्याच समाजाच्या दवाखान्याच्या ओसरीवर त्या भेटल्या. मी दुसऱ्याच कामाला गेले होते, फॉर्म जवळ नव्हता, हे माझं नशीब. त्यांनी विचारलं, कुठली तू? म्हटलं, मेलबर्न. "ते नाही. तुझी माणसं कुठली?" हा प्रश्न ओळखलास ना? लग्नात आपल्या म्हाताऱ्या विचारतात, 'मूळचे कुठले?', तोच. मी कराड सांगितलं. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन कशा भेटतात, ते हात करून दाखवलं. मग त्या मरी नदीबद्दल बोलल्या. त्यांच्या योर्टा योर्टा भाषेत ती धुंगाला. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही नद्यांवरच होतो. चहा गार झाला. मग त्या म्हणाल्या, "ती पिशवी गाडीतच आहे."

तुझ्या नव्या गावाचं एवढं तरी माहीत असू दे. मरी नदीपलीकडे कमरगंजा नावाची ऍबोरिजिनल लोकांची वसाहत होती. तिथल्या कारभाऱ्याच्या जाचाला कंटाळून ४ फेब्रुवारी १९३९ ला दीडशेहून जास्त माणसं पोराबाळांसकट ती सोडून नदीच्या अलीकडे आली. त्यातली बरीच शेपर्टन आणि मुरूपना यांच्या मधल्या पूरपट्ट्यात राहिली. लोक त्या जागेला फ्लॅट्स म्हणतात. १९५४ मध्ये इंग्लंडची राणी आली तेव्हा त्या झोपड्या तिला दिसू नयेत म्हणून रस्त्याच्या कडेला गोणपाट लावलं होतं, असं तिथली माणसं सांगतात. ज्यांना झाकून ठेवलं त्यांचीच मुलं-नातवंडं तुझ्यासमोर बसणार आहेत.

आता जुगाराकडे येते. उत्तरेकडे आर्नहेम लँडमध्ये पत्ते खूप जुने आहेत. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाचे मकासन लोक समुद्रकाकडी या सागरी जीवाच्या व्यापारासाठी शेकडो मैलांवरून होड्या घेऊन येत, त्यांच्याबरोबर पत्ते आले असं बरेच अभ्यासक मानतात. जॉन ऑल्टमन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये दाखवलं की पत्त्यांच्या डावात पैसा गावातल्या गावात फिरतो. आज जिंकलेल्याच्या पैशात उद्या चार घरांचं पेट्रोल, पीठ-साखर येते. म्हणून पत्ते गोजिरवाणे, असं मी म्हणणार नाही. रात्ररात्र पोरं जागी असतात आणि हरलेल्याच्या घरी भांडणं होतात. पण क्लबातल्या पोकीत घातलेली नोट गावात फिरत नाही. ती गेली की गेली.

आणि ती नोट एकाची नसते. तिकडे नात्यातल्या कुणी मागितलं तर नाही म्हणणं जड जातं, कारण परवा तुम्हीही त्याच्याकडेच मागणार असता. हे मागणं डोईजड झालं की त्याला 'हंबग' म्हणतात. मला एकाने सरळ सांगितलं होतं, पगाराच्या दिवशी मी क्लबात जातो, कारण तिथे कुणी मागायला येत नाही. गार हवा, स्वस्त जेवण, बाहेर चाळीस अंश. मशीन नाव विचारत नाही आणि वळूनही बघत नाही. या माणसाला 'बजेट कर' सांगून काय उपयोग?

आपल्या धंद्यात एक ठरलेला उपाय आहे: बँकेचं कार्ड बहिणीकडे किंवा काउन्सेलरकडे ठेवायला सांगायचं. तोंडातून काढण्याआधी दहा वेळा विचार कर. क्वीन्सलँडमध्ये कित्येक दशकं ऍबोरिजिनल कामगारांची मजुरी सरकारच आपल्या खात्यात ठेवून घेई. लोकांनी कोर्टात नेलं तेव्हा २०१९ मध्ये १९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०१६ पासून सेदुना आणि ईस्ट किंबर्ली या भागांत सरकारी भत्त्याचा ऐंशी टक्के भाग अशा कार्डावर घातला, ज्यावर दारू नाही, जुगार नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि ते मोडीत निघालं. या लोकांच्या आजीपासून कुणी ना कुणी 'तुझे पैसे आम्ही सांभाळतो' म्हणत आलेलं आहे. कार्ड बहिणीकडे ठेवायचं त्यांनीच सुचवलं तर वेगळं, ते चांगलं चालतं.

बाकी कामाचं थोडक्यात. मोबाइलवर बेटिंग असेल तर बेटस्टॉप या सरकारी नोंदवहीत त्यांना नाव घालायला मदत कर, ऑगस्ट २०२३ पासून सुरू आहे, तीन महिन्यांपासून जन्मभरापर्यंत बंदी घालून घेता येते. पोकीला ती लागू नाही! नवे लोक इथेच फसतात. पोकीसाठी क्लबात प्रवेशबंदीचा वेगळा अर्ज असतो, आणि छोट्या गावात काउंटरवर भाचाच उभा असण्याची शक्यता धर, म्हणून अर्ज कुठे बसून भरायचा ते त्यांना ठरवू दे. रात्री-अपरात्री कुणाचा धीर सुटला तर १३ यार्न ही हेल्पलाइन, म्हणजे १३ ९२ ७६. फोन उचलणारा त्यांच्यातलाच असतो. आणि रुंबलारा या तिथल्या लोकांच्या स्वतःच्या संस्थेत पहिल्या आठवड्यात जाऊन ये, काही मागायला नाही, ओळख द्यायला.

कुणी ठरलेल्या वेळी आलं नाही तर फाइल बंद करू नकोस. बहुतेक वेळा 'सॉरी बिझनेस' असतो, म्हणजे मयत. शेकडो किलोमीटर जायचं, दिवस घालवायचे, पैसे गोळा करायचे. वर्षात किती अंत्यविधी होतात ते बघून मी पहिल्यांदा हादरले होते. गेलेल्याचं नाव घरच्यांनी घेईपर्यंत तू घेऊ नकोस. आणि परतल्यावरचा आठवडा सांभाळ, थांबलेला हात पुन्हा मशीनकडे जातो तो तेव्हाच.

आपल्या लोकांचंही ऐकावं लागेल. दिवाळीच्या पार्टीत कुणीतरी म्हणेलच, "सरकार यांना फुकट पैसे देतं आणि हे मशीनमध्ये घालतात." हे म्हणताना त्याच्या हातात तीन पत्तीचे पत्ते असतील. वाद घालायचा की करंजी खायची, ते तुझं तू बघ. मी दोन्ही करून पाहिलंय.

उन्हाळ्यात गाडीत पाण्याच्या बाटल्या ठेव. पोचलीस की कळव.

तुझी,
मावशी

ता. क. खर्चाच्या फॉर्मवर 'अवलंबून असलेल्या व्यक्ती' यासाठी दोनच ओळी असतात. आंटींनी पिशवी परत आणली तेव्हा अकरा नावं सांगितली, त्यात एक पुतण्या तुरुंगातला आणि एक शेजारची मुलगी. मी फॉर्म उलटा करून मागे लिहिली. तूही तेच कर, आणि साहेबाने विचारलं तर माझं नाव सांग.