हापूसवरचे डाग मोजणारा प्रोग्राम मंद पडतोय, नीऑन वापरू का?

देवगडच्या पॅकिंग हाऊसमध्ये रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरला कॅमेरा जोडून तुम्ही करपा रोगाचे काळे डाग मोजताय. फळ पट्ट्यावरून पुढे जातं तरी हिशेब संपत नाही, म्हणून नीऑनचं, म्हणजे एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसरमधल्या सोयीचं, कोड हाताने लिहू का, असं विचारलंय. जरूर लिहा, पण आधी डेटाची मांडणी बदला. वेग तिथेच अडकलाय.

तुमच्या कोडमध्ये लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे फ्लोटमध्ये, म्हणजे प्रत्येकी ३२ बिटांच्या दशांश आकड्यांत, आहेत. नीऑनचं रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधली आकडे ठेवायची जागा, १२८ बिटांचं. त्यात फ्लोट मावतात ४ आणि बाइट मावतात १६. कॅमेऱ्याकडून बाइटच येतात, मग फ्लोट कशाला? बाइट ठेवलेत तर मेमरीतून आणायचा माल पाव होतो आणि एका सूचनेत चौपट पिक्सेल उरकतात. तिन्ही रंग एकाआड एक येतात त्याची काळजी नको: 'एलडी३' ही सूचना ४८ बाइट उचलून तीन रजिस्टरांत रंगवार वाटून देते. इंटेलच्या प्रोसेसरवर यासाठी बरीच उलथापालथ करावी लागते, इथे ती आयती मिळते.

आता लूपमधला, म्हणजे पिक्सेलांवरून पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोडमधला, 'काळा आहे का' हे तपासणारा इफ. १६ पिक्सेलांतले काही काळे, काही पिवळे. एकच सूचना दोन वाटांनी जाऊ शकत नाही. म्हणून वाट फोडायचीच नाही. तुलनेची सूचना रजिस्टरमधल्या प्रत्येक खणात (एका बाइटच्या जागेत) 'हो' असेल तर २५५ ठेवते, 'नाही' असेल तर ०. पिक्सेल काळा ठरायला लाल आणि हिरवा दोन्ही मर्यादेखाली हवेत, तर दोन मास्कचा, म्हणजे अशा हो-नाहीच्या दोन उत्तरांचा, अँड घ्या. आणि आठ बिटांत २५५ म्हणजेच उणे १! मोजणीच्या रजिस्टरमधून मास्क वजा केला की काळ्या पिक्सेलच्या खणात १ वाढतो. मला ही युक्ती आजही फार आवडते. फक्त खण २५५ च्या पुढे गेला की गुपचूप शून्यावर येतो. ६४० बाय ४८० च्या चित्राला १९,२०० फेऱ्या लागतात, तेव्हा दर २५५ फेऱ्यांच्या आत बेरीज रुंद खणांत ओता.

हे हाताने लिहिण्याआधी ६४ बिटी ओएसवर जीसीसी या कंपायलरला '-ओ३' हा वेग वाढवायचा पर्याय देऊन बघा. साधा लूप तो बऱ्याचदा स्वतःच व्हेक्टराइझ करतो, म्हणजे नीऑनच्या सूचनांत बदलतो. आणि वेळ कुठे जातो ते दाखवणारं 'पर्फ' चालवाच. या लूपमध्ये एकूण वेळेतला ४० टक्केच जात असेल, तर लूप शून्य वेळात संपला तरी प्रोग्राम पावणेदोन पटसुद्धा वेगवान होणार नाही. मोजणी मे महिन्यात पत्र्याखाली करणार असाल तर चिपचं तापमानही नोंदवा: ८० अंशांपाशी पाय आपला क्लॉक कमी करतो आणि आकडे फसवतात.

साका या फळाच्या दोषाबद्दलही विचारलंत. तो गरात असतो, सालीवर उमटत नाही. साध्या कॅमेऱ्याला तो दिसणार नाही, कोड कितीही वेगवान केलात तरी.