पानापासून नवे रोप

प्रश्न : एचेव्हेरिया या जाड, रसाळ पानांच्या शोभेच्या झाडाची पाने मातीत खोचून रोज पाणी घालते, तरी ती काचेसारखी पारदर्शक होऊन कुजतात. काय करू?

उत्तर : ताई, रोजचे पाणी आधी बंद करा. पानात स्वतःचा साठा असतो. मुळे नसताना ओल मिळाली की तुटलेल्या जागेतून बुरशी शिरते. झाडावरचे पान हलकेच डावी-उजवीकडे हलवून बुडासकट काढा, कारण नवा कोंब त्या बुडातूनच फुटतो. मध्येच तुटलेले पान मी लावायला घेतच नाही. सावलीत ३-४ दिवस जखम सुकू द्या, मग कोरड्या, भरड मातीवर नुसते आडवे ठेवा. खोचायचे नाही! काही आठवड्यांत बारीक गुलाबी मुळे दिसतील. पाण्याचा फवारा तेव्हापासून, तोही माती वाळल्यावरच. जुने पान सुकून आपोआप सुटेपर्यंत ओढू नका. पिल्लू, म्हणजे नवे रोप, त्याच्यावरच पोसले जाते, आणि ते बघण्यात मला अजूनही फार आनंद मिळतो.

जेड हे जाड पानांचे झुडूपही पानापासून येते, पण फांदी लावलीत तर लवकर वाढते. कोरफडीचे पान मात्र सडतेच. तिची बाजूची पिल्ले वेगळी करा. आणि कुंडीला खाली भोक हवेच.