आखाजीचा घास

चिऊ,

बुधवारी आजीचा व्हिडिओ कॉल संपल्यावर तू विचारलंस, "ताटात टाकायचं नाही म्हणतेस, मग आजीने पुरणपोळी का जाळली?" मी भांडी घासत होते, 'नंतर सांगते' म्हणाले. आता सांगते.

आधी एक दुरुस्ती. अख्खी पोळी नव्हती, सुपारीएवढा घास होता. वैशाखातली अक्षय्य तृतीया म्हणजे आपल्या खानदेशातली आखाजी, आणि त्या दिवशी पितर जेवायला येतात. सकाळी आजी उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढते आणि दर बोटाला एक नाव घेते: आजोबा, त्यांचे वडील, लहानपणीच गेलेली तिची नणंद. पाण्याने भरलेली मातीची घागर मांडते, त्यावर डेरगं, म्हणजे छोटं मडकं, वर खरबूज. भर उन्हाळ्याचे दिवस. येणाऱ्याला आधी पाणी विचारायचं, इतकंच. मग गोवरीचा निखारा. त्यावर तूप, आणि तूप पेटलं की पोळी, आमरस, कुरडई, भात यांचा घास. याला आगारी टाकणं म्हणतात. ती होईपर्यंत घरात कोणी जेवत नाही. लहानपणी माझं लक्ष पितरांपेक्षा आमरसाच्या पातेल्याकडेच असायचं.

विस्तवच का? तर पोचवायचं काम त्याचं. पोथीतल्या श्राद्धात त्याला नावंही दोन आहेत. देवांचं नेतो तेव्हा तो हव्यवाहन, पितरांचं नेतो तेव्हा कव्यवाहन. देवांना देताना 'स्वाहा', पितरांना 'स्वधा'. आजीला यातलं काही ठाऊक नाही. ती हात जोडते आणि नुसतं "जेवा" म्हणते. मला तेच जास्त पटतं.

आपल्या घरी इंडक्शन, निखारा आणायचा कुठून? म्हणून गेल्या वर्षी मागच्या अंगणात बार्बेक्यूचे कोळसे पेटवले. घाईत तूप राहिलं आणि मी थेट आमरसच ओतला. फुस्स! नुसता धूर. फोनवरून आजी ओरडली, "अगं, तूप आधी!"

विस्तव नसण्याची अडचण मात्र जुनीच दिसते. अग्नी नसेल तर आहुती ब्राह्मणाच्या तळहातावर द्यावी, असं मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. कोणाचा तळहात, यावर माझं मनूशी जमायचं नाही. पण या रविवारी आपण आगारी टाकताना पाऊस आला आणि कोळसे पेटलेच नाहीत, तर घास तुझ्या हातावर ठेवीन. तू खाऊन टाक.

तिथी उलटून गेली हे आजीला आवडणार नाही, पण सुट्टी रविवारीच आहे. कुंकवाची बोटं तू ओढ. त्याआधी आजीला फोन करून तिच्या सासूचं नाव विचारून ठेव. मला आठवत नाहीये, आणि मी विचारलं तर बोलणी खावी लागतील.

आई