बर्फाचे फोटो करडे का येतात, आणि वेंगुर्ल्यात बसून त्याचा सराव कसा करायचा?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: मनालीत काढलेले फोटो सिमेंट सांडल्यासारखे आले, कॅमेरा ए मोडवर (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) होता, बाकी सगळं ऑटो. आता फेब्रुवारीत गुलमर्गला निघालाय आणि वेंगुर्ल्यात तर बर्फ फक्त मासळीच्या पेटीत दिसतो. मग हात बसवायचा कुठे?

कॅमेऱ्यात बिघाड नाही. त्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, फक्त किती प्रकाश परत येतोय ते कळतं. समोरची वस्तू सरासरी १८ टक्के प्रकाश परत पाठवते, असं तो धरून चालतो. ताजा बर्फ पाठवतो ९० टक्क्यांच्या आसपास. मीटर ‘बापरे, किती उजेड’ म्हणून शटर पळवतो आणि बर्फाला १८ टक्क्यांच्या करड्यावर आणून बसवतो. काळ्या म्हशीचा फोटो करडा येतो तोही याच हिशेबाने, फक्त उलट्या बाजूने.

एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. १८ चे ३६, ३६ चे ७२, आणि ९० म्हणजे त्यावर आणखी साधारण एक तृतीयांश स्टॉप. म्हणजे मीटर आणि खरा बर्फ यांत सव्वादोन-अडीच स्टॉपचा फरक. पण तो सगळा भरून काढायचा नाही. तसं केलंत तर बर्फ पांढरा होईल, पण त्यावरचे वाऱ्याचे चर आणि पावलांचे ठसे पुसले जातील. म्हणून फ्रेमभर उन्हातला बर्फ असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबावर आपण वाढवायचा प्रकाश (+/- चं बटण), +१.३ स्टॉपपासून सुरू करा. ढगाळ दिवशी +१.७ ते +२.

आकड्यांत सांगतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, स्वच्छ ऊन. कॅमेरा शटर १/२००० सेकंदाच्या जवळपास काहीतरी सांगेल. +१.३ दिल्यावर तो १/८०० वर येईल. फिल्मच्या डबीतल्या कागदावर उन्हातल्या बर्फासाठी आणि पांढऱ्या वाळूसाठी नेहमीच्या उन्हापेक्षा एक स्टॉप कमी प्रकाश लिहिलेला असायचा, आणि नेहमीच्या उन्हाचं १/४०० धरलं तर तो हिशेबही १/८०० वरच येतो. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की मला तरी त्यावर विश्वास ठेवायला बरं वाटतं.

आता ए मोडची खरी अडचण. तुम्ही +१.३ लावलंत, पहिली फ्रेम झकास आली. मग कॅमेरा जरा उजवीकडे फिरवला आणि अर्धी फ्रेम देवदारांनी भरली. ऊन तेच, बर्फ तोच. पण मीटरला गडद झाडं दिसली, त्याने शटर हळू केलं, त्यात तुमचं +१.३ आहेच. बर्फ जळाला, म्हणजे पोत जाऊन कोरा पांढरा झाला. म्हणून ऊन स्थिर असेल तर मी सरळ एम मोड (सगळं आपण हाताने लावायचं) सांगेन: मीटरिंग स्पॉटवर (फक्त मधल्या ठिपक्याचा प्रकाश मोजतं) ठेवा, ज्यात अजून पोत दिसतोय अशा सगळ्यात उजळ बर्फावर मधला ठिपका धरा, मीटरचा काटा +१.७ ते +२ वर येईल असं शटर लावा आणि मग त्याला हात लावू नका. ढग आला किंवा तुम्ही सावलीत गेलात तरच परत मोजा. एम मध्ये आयएसओ ऑटोवर राहिला असेल तर ही सगळी मेहनत वाया, तेवढं बघा.

स्क्रीनवर फोटो कसा दिसतो त्यावर जाऊ नका, बर्फाच्या उजेडात स्क्रीन काळवंडलेलीच दिसते. हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख. बर्फाचा डोंगर उजवीकडे हवा, पण भिंतीला टेकलेला नको. हायलाइटची लुकलुक (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती सोय) चालू ठेवा. बर्फाच्या कणांवरचे चमचमते ठिपके लुकलुकले तर लुकलुकू देत. अख्खा उतार लुकलुकायला लागला तर १/३ स्टॉप खाली या. संध्याकाळी केशरी उजेडात तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा, कारण तेव्हा लाल रंग आधी फुटतो आणि साध्या हिस्टोग्रामात ते कळत नाही. फोटो रॉ मध्येच (सेन्सरची सगळी माहिती ठेवणारी फाइल) काढा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ‘डेलाइट’वर ठेवला तर सावल्या थोड्या निळ्या येतील. येऊ देत, त्या तशाच असतात.

आता सराव. तारकर्लीची पुळण पांढरी म्हणतात खरी, पण बर्फापुढे ती गव्हाळच. कोरड्या पुळणीला +०.७ ते +१ पुरतं. त्यावर हात बसवून गुलमर्गला गेलात तर फोटो पुन्हा मळकटच येतील. तुमच्या जवळचं शिरोडा त्याहून बरं. तेच, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं. मिठागरात ढीग लागलेले असतील तर सकाळी आठच्या सुमारास, ऊन बाजूने येत असताना जा. कामगारांना विचारून घ्या आणि ट्रायपॉडचे पाय बांधावर रोवू नका. ढीग फ्रेमभर घ्या आणि ०, +०.७, +१.३, +२, +२.७ असे पाच फोटो काढा. घरी मोठ्या स्क्रीनवर बघा: शून्यावर मीठ राखेसारखं, आणि पुढे एका फोटोत खडे दिसेनासे होतात. त्याच्या आधीचा फोटो हा तुमच्या कॅमेऱ्याचा आकडा. मिठागरातलं मीठ किंचित मळकट असतं, त्यामुळे ताज्या बर्फाला त्याहून थोडं जास्त लागेल.

ढीग नसतील तर दुकानातलं पिशवीतलं पांढरं मीठ दोन किलो आणा, परातीत पसरा, बोटांनी चर ओढा आणि खळ्यात उन्हात ठेवा. शेजारी जांभ्याचा दगड मांडलात की देवदाराचं कामही तो करेल. मीठ नंतर लोणच्याला वापरता येतं.

बर्फ पडत असताना शटर १/२५० ठेवलं तर पापुद्रे सुटे दिसतात, १/६० ला रेघा होतात. मागे काहीतरी गडद हवंच. फोकस कोऱ्या बर्फावर बसत नाही, झाडाच्या बुंध्यावर धरा.

फोन असेल तर बर्फावर बोट दाबून धरा, लॉक झालं की सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. बॅटरी आतल्या खिशात. हॉटेलात शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर तसाच ठेवा. एसी गाडीतून पावसाळ्यात उतरल्यावर चष्मा जसा धुरकट होतो, तसंच तिथे लेन्सचं होतं.

आणि परतल्यावर कॉम्पेन्सेशन शून्यावर आणा. बऱ्याच कॅमेऱ्यांत बंद करून चालू केलं तरी ते तसंच राहतं, मग घरच्या फोटोंत सगळ्यांचे चेहरे पिठूळ येतात.