‘अणूचे विखंडन’ की ‘रेणूचे विघटन’?

निपाणीच्या एका वाचकांनी विचारले आहे की, कन्नड माध्यमात शिकलेल्या पुतणीच्या कार्बन मोनॉक्साइडवरील टिपणाचे मराठी करताना त्यांनी ‘दोन आवेश असलेल्या अणूचे विखंडन’ असे लिहिले, ते बरोबर आहे का. आणि त्याच टिपणातला ‘वस्तुमान 14.5’ हा आकडा 29 असा दुरुस्त करावा का?

दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कन्नडात ‘अणु’ म्हणजे आपला रेणू आणि ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू. ‘आवेश’ही तिकडे विद्युत प्रभार, आपल्याकडे मात्र तो वक्त्याला चढतो. बेळगाव भागात दोन्ही भाषा रोज कानावर पडतात, म्हणूनच परक्या शब्दापेक्षा असा ओळखीचा शब्द अधिक फसवतो.

येथे तर त्या एका शब्दाने अर्थच पालटतो. हेलियमच्या अणूतले दोन्ही इलेक्ट्रॉन काढले तरी उरलेले केंद्रक फुटत नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूतले दोन काढले, तर मात्र त्याचे धनप्रभारित भाग एकमेकांना दूर लोटतात आणि कार्बन व ऑक्सिजन यांचे आयन, म्हणजे प्रभारित अणू, सुटे होऊ शकतात. शिवाय ‘अणूचे विखंडन’ म्हटले की मराठी वाचकाला युरेनियमच आठवणार. युरेनियम-235 च्या एका केंद्रकाच्या विखंडनात सुमारे 20 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मोकळी होते, तर या रेणूच्या तुकड्यांना मिळणारी गतिज ऊर्जा मोजक्या इलेक्ट्रॉन व्होल्टची असते. म्हणून ‘द्विप्रभारित रेणू-आयनाचे विघटन’ असे लिहावे. ‘विचरण’ हा पाठ्यपुस्तकी शब्दही चालेल, पण तो वाचताना मला पाण्यात विरघळणारे मीठच दिसते.

‘स्थिर’ हा शब्दही जपून वापरावा. सुट्या तुकड्यांपेक्षा अधिक ऊर्जा असूनही हा आयन, बांधाआड पाणी अडून राहावे तसा, काही काळ टिकतो. डेन्मार्कमधील आरहूसच्या साठवण-वलयात, म्हणजे आयन फिरते ठेवणाऱ्या यंत्रात, तो काही सेकंद टिकल्याचे 1990 च्या दशकात दिसून आले. त्याला ‘तात्पुरता स्थिर’ म्हणावे आणि मोजलेल्या काळाला ‘आयुर्मान’.

राहिला आकडा. द्रव्यमान-वर्णपटातील, म्हणजे कण वेगवेगळे करून दाखवणाऱ्या आलेखातील, जागा वस्तुमानाला प्रभाराने भागून ठरते. साध्या कार्बन मोनॉक्साइडचे 28 भागिले 2 म्हणजे 14, आणि नेमका तेथेच एकेरी प्रभाराचा नायट्रोजन अणूही येऊन बसतो. कार्बन-13, म्हणजे नेहमीच्यापेक्षा एका एककाने जड कार्बन, वापरला की 29 भागिले 2, म्हणजे 14.5, असे वेगळे शिखर मिळते. तेव्हा टिपणातला आकडा तसाच ठेवावा, फक्त त्यापुढे ‘वस्तुमान’ऐवजी ‘वस्तुमान-प्रभार गुणोत्तर’ लिहावे.